भिंतीमागचा माणूस : डीजे आणि लघु अनुबोधपट

गणपती विसर्जनाच्या किंवा लग्नाच्या वरातीच्या दिवशी 'डीजे आला' असे कोणी म्हणाले, की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली कर्ण्यांची भिंत, गरगर फिरणारे दिवे, आणि घराच्या पत्र्यांना बसणारे हादरे. डीजे म्हणजे ती भिंत, असा आपला समज झालेला आहे. 'डीजे आणला', 'डीजे लावला', 'डीजे बंद केला' अशी क्रियापदे आपण वापरतो. ती सगळी वस्तूला लागणारी. 'डीजे जेवला का?' असे कोणी विचारीत नाही.

वास्तविक डीजे हा माणूस आहे. 'डिस्क जॉकी' ह्या दोन शब्दांची ती आद्याक्षरे. डिस्क म्हणजे तबकडी आणि जॉकी म्हणजे शर्यतीतला घोडेस्वार. तबकडीवर स्वार होऊन तिला हवी तशी पळवणारा, तो डीजे. आणि गंमत अशी, की हा शब्द जन्माला आला तो अमेरिकेतल्या नभोवाणीवर, १९३० नंतरच्या दशकात. नभोवाणीवर तबकड्या लावणाऱ्या निवेदकाला लोक तसे म्हणू लागले. म्हणजे ज्या माध्यमातून मी आज आपल्याशी बोलतो आहे, त्याच माध्यमाने हा शब्द जगाला दिला.

ह्या माणसाने जगाच्या संगीतात काय केले, आणि त्याच्यावर आठ-दहा मिनिटांचा अनुबोधपट आपल्यासारख्या सामान्य माणसांना कसा करता येईल, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. शिक्षक बंधुभगिनींनी जरा कान देऊन ऐकावे, कारण शेवटी त्यांच्यासाठी एक काम ठेवलेले आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. न्यू यॉर्क शहराच्या उत्तरेला ब्राँक्स नावाचा भाग आहे. १९४८ ते १९६३ ह्या काळात त्याच्या पोटातून एक रुंद हमरस्ता काढला गेला. वस्त्या मोडल्या, ज्यांना शक्य होते ते निघून गेले, आणि मागे राहिली ती मुख्यतः गरीब माणसे. सत्तरीच्या दशकात तिथल्या इमारतीच्या इमारती आगीत जळाल्या. अशा त्या भागात, सेज्विक अॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने एक नाचाचा कार्यक्रम ठेवला. उद्देश काय, तर शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांसाठी चार पैसे जमावेत! मुलींना प्रवेश पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. तबकड्या लावायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह उभा होता. लोक त्याला कूल हर्क म्हणत.

हर्कचा जन्म जमैका बेटावरचा, किंग्स्टन शहरातला. तिथे मोठमोठे कर्णे रस्त्यावर मांडून नाचगाण्याचे कार्यक्रम करण्याची जुनी रीत आहे. म्हणजे आपल्याकडच्या भिंतीचे एक थोरले भावंड तिकडेही आहे, असे समजा ना! हर्कच्या ध्यानात एक गोष्ट आली. गाण्यात मध्येच गायक थांबतो, बाकीची वाद्ये थांबतात आणि नुसता ढोल-ताशासारखा ठेका वाजतो, त्या वेळी नाचणाऱ्यांच्या अंगात वारे शिरते. पण तो तुकडा असतो काही सेकंदांचा. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा ठेका संपला की दुसरीवरचा सुरू करायचा, तोवर पहिली मागे न्यायची. रहाटगाडग्यासारखा ठेका फिरत राहिला. ह्या फिरत्या ठेक्यावर कोणी यमके जुळवून बोलू लागले, कोणी अंगाची घडी करून नाचू लागले. त्यातून हिप हॉप उभे राहिले.

हर्कच्या पाठोपाठ ग्रँडमास्टर फ्लॅश आला. त्याने तबकडीवर रंगीत खडूने खुणा केल्या, म्हणजे नेमके कुठवर मागे न्यायचे ते डोळ्यांना दिसावे. १९७५ च्या सुमारास थिओडोर नावाचा एक शाळकरी मुलगा घरात मोठ्याने गाणी लावून बसला होता. आई दार ठोठावून ओरडली. आई काय म्हणते ते ऐकण्यासाठी त्याने फिरती तबकडी हाताने धरली आणि तशीच मागेपुढे हलवली. 'खरर्र खरर्र' असा जो आवाज आला, तो त्याच्या मनात भरला. त्यालाच पुढे स्क्रॅच म्हणू लागले. आईच्या रागावण्यातून एक वाद्यप्रकार निघाला, म्हणा ना.

तिकडे शिकागोत 'वेअरहाउस' नावाच्या नृत्यगृहात फ्रँकी नकल्स तबकड्या लावीत असे. त्या नावावरून 'हाउस' संगीत आले. मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइटच्या परिसरात ह्वान अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन ह्या तीन शाळासोबत्यांनी 'टेक्नो' घडवले. जर्मनीच्या ड्यूसेलडॉर्फमधील क्राफ्टवेर्क ह्या गटाची यांत्रिक चाल १९८२ साली ब्राँक्सच्या 'प्लॅनेट रॉक' ह्या तबकडीत जाऊन बसली. बर्लिनची भिंत १९८९ साली पडली आणि तिथल्या ओसाड कारखान्यांतून टेक्नो घुमू लागले. २०२४ साली जर्मनीने बर्लिनच्या टेक्नोची आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. ज्याला 'गोंगाट' म्हणून नाके मुरडली गेली, तोच एका पिढीनंतर वारसा ठरला.

आता मुद्द्याकडे वळू. १९७३ च्या त्या रात्रीची हकीकत आज आपल्याला कळते ती हाताने लिहिलेल्या निमंत्रणचिठ्ठ्यांवरून आणि हजर असलेल्यांच्या आठवणींवरून. एका जगाचा जन्म होत होता, पण तो टिपून ठेवावा असे कोणाला वाटणार? कपड्यांच्या पैशांसाठी मुलांनी ठेवलेला नाच तो!

आणि हे फक्त न्यू यॉर्कलाच घडले असे नाही. १९८२ साली आपल्या मुंबईत चरणजित सिंग ह्या वादकाने एक ध्वनिमुद्रिका केली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारा हा माणूस. रोलंड ह्या जपानी कंपनीची नवी विजेवर चालणारी वाद्ये त्याने आणली आणि त्यांवर आपले दहा राग बसवले. ती ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाही, लोक विसरून गेले. पुढे १९८७ साली शिकागोच्या काही तरुणांनी त्यांतल्याच एका वाद्यावर नव्या तऱ्हेचे संगीत काढले. त्याला 'अॅसिड हाउस' म्हणतात आणि जगभर त्याचा गाजावाजा झाला. २००२ साली एका डच संग्राहकाच्या हाती मुंबईची ती जुनी तबकडी लागली. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा जाणकार थक्क झाले. कारण शिकागोच्या पाच वर्षे आधी तसाच नाद मुंबईत वाजला होता! चरणजित सिंगांना म्हातारपणी युरोपात बोलावणी आली. २०१५ साली ते वारले. १९८२ साली ते खोलीत बसून ती बटणे कशी फिरवीत होते, दहा रागांची निवड त्यांनी कशी केली, हे त्याच वेळी कोणी जाऊन टिपले असते तर? आठ मिनिटे पुरली असती हो.

माणूस काम करीत असतानाच त्याची नोंद ठेवावी, ह्यासाठी अनुबोधपट.

हे काम आपल्याला परके नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, ह्यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचे चलच्चित्र घेतले. भारतीय माणसाने घेतलेल्या अगदी पहिल्या वस्तुस्थितिदर्शक चित्रांपैकी ते एक. त्यांनी कोणा राजाचा दरबार निवडला नाही, दोन पैलवान निवडले. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीत वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ एकेक चित्र घेत त्याच्या अंकुराची वाढ मिनिटभरात दाखवली. आणि १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे छोटे अनुबोधपट तर आपल्यापैकी अनेक वडीलधाऱ्यांनी चित्रपटगृहात मुख्य खेळाच्या आधी पाहिले असतील. त्यांतला शास्त्री ह्यांचा १९६७ सालचा 'आय अॅम ट्वेंटी' मिळाला तर जरूर पाहा. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या तरुणांना प्रश्न विचारले आहेत आणि त्यांना मोकळेपणी बोलू दिले आहे. एवढेच, पण त्यात एक काळ उभा राहतो.

अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे तर मुंबईतल्या कुर्ल्याचे. तिथल्या नेझी नावाच्या तरुणाने २०१४ साली घरातल्या आयपॅडवर आपले गाणे आणि त्याचे चित्रण, दोन्ही केले. त्याच साली दिशा रिंदानी ह्यांनी त्याच्यावर 'बॉम्बे ७०' नावाचा लघुपट केला. ७० हा कुर्ल्याच्या टपालाचा जुना क्रमांक. २०१९ सालचा 'गली बॉय' हा मोठा चित्रपट नंतर आला. छोटा आधी आला, हे ध्यानात ठेवा. त्याच २०१९ साली 'स्वदेशी' ह्या मुंबईच्या गटाने आरेच्या जंगलातल्या आदिवासींच्या प्रश्नावर, तिथल्याच प्रकाश भोईर ह्यांना बरोबर घेऊन गाणे केले. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे सवाल-जबाब रंगत, शाहीर डफावर काळाची हकीकत सांगत. त्याच कुळातले हे नवे पोर आहे असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष काम कसे करावे ते सांगतो. साधने थोडी लागतात : एक बरा मोबाइल, त्याला बसवायची तिकाटी, कॉलरला लावायचा छोटा ध्वनिग्राहक आणि शक्य झाल्यास एक वेगळे ध्वनिमुद्रण यंत्र.

पहिला दिवस कॅमेऱ्याशिवाय घालवा. त्या माणसाच्या घरी जा, चहा घ्या, तो वायरी कशा गुंडाळतो ते बघा. दुसऱ्या दिवशी मुलाखत घ्या, आणि ती दिवसा, शांत जागी घ्या. पंखा बंद ठेवा. 'तुम्हाला संगीताची आवड आहे का?' असे विचाराल तर 'हो' एवढेच उत्तर येईल. 'पहिल्यांदा तुम्ही कर्णा उघडून पाहिलात, त्या दिवशी काय झाले?' असे विचारा, म्हणजे माणूस सांगू लागेल. उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. पाच सेकंद गप्प बसा. पुष्कळदा खरी गोष्ट त्या पाच सेकंदांनंतर येते.

तिसऱ्या दिवशी कार्यक्रमाचे चित्रण. इथे नवखे लोक फसतात. कर्ण्यासमोर मोबाइल धरला की आवाज फाटतो आणि नुसती घरघर उरते. म्हणून डीजेच्या यंत्रातून एक तार घेऊन आवाज थेट ध्वनिमुद्रण यंत्रात न्यावा आणि दुरून लोकांच्या आरोळ्या, टाळ्या वेगळ्या घ्याव्यात. सुरुवातीला कॅमेऱ्यापुढे एक टाळी वाजवावी. म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवायला खूण मिळते. रात्रीच्या दिव्यांखाली चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची आहे, तेव्हा कॅमेऱ्याचा झडपवेग एक पन्नासांश सेकंद ठेवून पाहावा. बहुतेक वेळा पट्टे जातात.

चित्रे जोडताना थोडे अंकगणित उपयोगी पडते. हाउस संगीतात मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके पडतात. १२० धरले तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा आणि चार ठोक्यांचे आवर्तन दोन सेकंदांचे. कॅमेरा सेकंदाला २५ चित्रे घेत असेल तर एका आवर्तनात बरोबर ५० चित्रे बसतात. समेवर चित्र बदलले की पाहणाऱ्याची मान आपोआप डोलते. पण प्रत्येक समेवर बदलू नका. तबला ऐकताना प्रत्येक मात्रेला दाद दिली तर कसे होईल? तसेच ते.

आणखी एक सांगायचे म्हणजे, परवानगी. गाणी कोणाच्या तरी मालकीची असतात. दुसऱ्याचे गाणे लावून केलेला अनुबोधपट पुढे कुठे दाखवता येत नाही. त्यापेक्षा त्या तरुणाने स्वतः जुळवलेला ठेका घ्या. आणि ज्याचे चित्रण केले, त्याला तयार झालेला अनुबोधपट सर्वांच्या आधी दाखवा.

हा शेवटचा नियम मी अनुभवाने शिकलो. माझ्या वर्गात मागच्या बाकावर झोपणारा एक विद्यार्थी होता. तो रात्री डीजे वाजवतो असे कळल्यावर मी त्याला सर्वांदेखत म्हणालो, "गावाची झोप घालवतोस आणि स्वतः इथे येऊन झोपतोस!" मुले हसली. दुसऱ्या दिवसापासून तो यायचाच बंद झाला. पुढे चार वर्षांनी त्यानेच आमच्या स्नेहसंमेलनाची ध्वनिव्यवस्था केली. यंत्रांपुढे त्याची एकाग्रता पाहून मला माझेच बोलणे आठवले. मी त्याला म्हटले, "तुझ्यावर एक छोटा अनुबोधपट करू दे." तो म्हणाला, "करा सर, पण दिवसा बोला माझ्याशी. रातीचं मला काय ऐकू येत न्हाई."

मला ती थट्टा वाटली. मुलाखतीत एका उत्तरानंतर मी गप्प बसलो, तेव्हा तो हळूच म्हणाला, "अंथरुणावर पडलो की कानात रातकिडा वरडतो सर. बंदच होत न्हाई." सत्तावीस वर्षांचा मुलगा!

८५ डेसिबलचा आवाज आठ तास ऐकणे ही कामगारांच्या कानांसाठी मर्यादा मानतात. दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटे. हा मुलगा रात्र-रात्र भिंतीला खेटून उभा असे. आवाजाविषयीचे आपले नियम २००० सालचे आहेत. रात्री दहानंतर कर्णे बंद असावेत, असे ते सांगतात. गावाच्या कानांची चर्चा आपण करतो, आणि ती केलीच पाहिजे. पण भिंतीमागच्या कानांचे काय, हा प्रश्न माझ्याही मनात कधी आला नव्हता.

अनुबोधपट तयार झाला, त्याला दाखवला. तो म्हणाला, "ते कानाचं तेवढं काढा सर. आईला कळंल." मला ते वाक्य काढणे जिवावर आले, पण काढले. तो अनुबोधपट गावात दाखवला. त्यात आम्ही गावचा हलगीवालाही घेतला होता. कारण भिंत आली आणि त्याची सुपारी गेली, हेही तितकेच खरे. हलगीवाला म्हणतो, "पोराचं काय चुकलं? लोकांनी मागितलं त्ये त्यानं दिलं." पडद्यावर हे ऐकताना डीजे मुलगा खाली मान घालून बसला होता. पुढच्या वरातीत त्याने मध्ये पंधरा मिनिटे यंत्र बंद ठेवले आणि हलगी वाजू दिली.

वर्षभराने तो आपणहून माझ्याकडे आला. म्हणाला, "ते काढलेलं वाक्य परत घाला सर. धाकटा भाऊ आता माझ्यासंगं उभा राहतो. मी सांगतो तर ऐकत न्हाई, पडद्यावर बघितलं तर ऐकंल." ते वाक्य आम्ही परत घातले. दोघे भाऊ आता कानात बोळे घालून काम करतात. त्याचा रातकिडा मात्र थांबलेला नाही. तो पुष्कळदा थांबत नाही, असे डॉक्टर सांगतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता आपल्यासाठीचे काम. आठवी-नववीच्या मुलांचे चार-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटाने गावातल्या एका वाजवणाऱ्या माणसाची आठ मिनिटांची नोंद करावी. डीजे असेल, बँडमधला सनईवाला असेल, भजनातला पखवाजी असेल. ठोक्यांचा हिशेब गणितात येईल, डेसिबल विज्ञानात येतील, मुलाखत मराठीत येईल. आणि मुले एक गोष्ट शिकतील, जी मला चाळिशीत शिकावी लागली : आवाज मोठा असला की त्यामागचा माणूस ऐकू येत नाही, त्यासाठी जवळ जाऊन बसावे लागते.

पुढच्या वेळी आपल्या गल्लीत ती भिंत येऊन उभी राहील, तेव्हा आवाज कमी करायला अवश्य सांगा. तो आपला हक्क आहे. पण सांगायला गेलात, की एवढेही विचारा : "बाबा रे, जेवलास का?"